पाळण्यावरचे सात मासे

मी तसा भित्रा माणूस. हे कबूल करायला आता लाज वाटत नाही, कारण ज्यांच्यापासून लपवायचं ते बहुतेक सगळे गेले. मी साहेबांना घाबरलो, सासऱ्यांना घाबरलो, गल्लीत आडव्या बसलेल्या गाईलाही वळसा घालून गेलो. पण बंगळूरच्या आमच्या घरमालकांना मी जितका घाबरलो, तितका कुणालाच नाही.

स्वातंत्र्याला दहा-अकरा वर्षं झाली होती. मला विमानाच्या कारखान्यात नवी नोकरी लागली होती. पंखावर किती भार आला तर तो वाकेल आणि किती आला तर मोडेल, हे कागदावर काढायचं, एवढंच माझं काम. लग्न नुकतंच झालेलं, सामान म्हणजे दोन ट्रंका आणि एक वळकटी. शिवाजीनगरच्या बसस्टँडमागे एका गल्लीत खालच्या दोन खोल्या रिकाम्या असल्याचं कळलं. ज्यानं सांगितलं त्यानंच पुढे बजावलं, "मालक बेळगावकडचे आहेत, मराठी बोलतात. पण जपून. पाच भाडेकरू पळालेत."

मालक जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे होते. उंच, हडकुळे, धोतरावर बंद गळ्याचा कोट आणि गळ्याशी गुंडाळलेला मफलर. त्यांनी आमच्या तोंडाकडे पाहिलंच नाही, माझ्या चपलांकडे पाहिलं.

"टाचेला खिळे हायत?"

"नाहीत."

"मग वर या. स्वल्प दमानं या."

वरच्या मजल्यावर ते एकटेच राहत. पुढच्या खोलीत मधोमध काचेची एक टाकी होती. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. लोहाराकडून लोखंडी सांगाडा करून घेऊन त्यांनी ती त्या खोलीतच जोडली होती. आत गोटे, आणि गोट्यांच्या आडोशाला नारिंगी अंगाचे, तीन काळे पट्टे असलेले, मिशांचे मासे. त्यांना लोच म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. एकेक मासा टीचभराहून मोठा. त्यातला एक तळाशी आडवा, कुशीवर पडलेला होता.

"हा मेला वाटतं," मी म्हणालो.

मालकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की घर गेलंच असं मी धरून चाललो. "झोपलाय," ते म्हणाले. "हे असंच झोपतात. तुमी झोपतासा तेव्हा मी येऊन म्हनतो का काय?"

माझी बायको टाकीजवळ वाकली. तिनं हळूच विचारलं, "यांना थंडी वाजत नाही का हो इथली?" मालकांची मान पहिल्यांदा तिच्याकडे वळली. टाकीखाली दोन दिवे पेटते ठेवले होते, ते त्यांनी वाकून तिला दाखवले. घर आम्हाला मिळालं ते त्या प्रश्नामुळे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

गल्लीत सगळे त्यांना अण्णा म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. अण्णांचे नियम होते. दार आपटायचं नाही. खलबत्ता चालवायचा तर दुपारी चारच्या आत. डास मारायचं औषध घरात आणायचं नाही, उदबत्तीही अंगणात लावायची. पावसाळ्यात भाडेकरूंनी मिळतील तितक्या गोगलगाई आणून द्यायच्या, कारण माशांना त्या फार आवडत. कारखान्यातून येताना मी छत्री बंद करून डब्यात गोगलगाई वेचत असे आणि बसमधले लोक माझ्यापासून जरा लांब बसत.

ते हवामान खात्यातून निवृत्त झालेले. उभी हयात पावसाची मापं नोंदवण्यात गेली, पण विश्वास मापयंत्रापेक्षा माशांवर. मासे टाकीत वरखाली धावू लागले की अण्णा जिन्यावरून हाक मारत, "अक्का, कपडे काढा." बायको धावत दोरीवरचे कपडे काढी. पाऊस निम्म्या वेळा येई. न आला तर अण्णा म्हणत, गावाबाहेर येलहंक्याला पडला असणार.

टाकीत हवा सोडायची त्यांची तऱ्हा मी अजून कुठे पाहिलेली नाही. लॉरीच्या चाकाची जुनी ट्यूब सायकलच्या पंपानं टम्म फुगवायची आणि तिच्यातून बारीक नळीनं थोडीथोडी हवा पाण्यात सोडायची. दर चार तासांनी पंप. त्यामुळे अण्णा कधी परगावी गेले नाहीत, कुणाच्या लग्नाला जेवायला थांबले नाहीत. आणि रोज सकाळी साडेसहाला आमच्या छतातून त्यांचा आवाज यायचा, "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु, एळु." एक ते सात. मासे मोजत. आकडे मध्येच कुठेतरी अडकले, समजा सहावा मासा दिसला नाही, तर आमचाही चहा अडकायचा. दोघं वर बघत कप हातात धरून थांबायचो. "आरु" ऐकू आलं की प्यायचो.

एकदा हिवतापाची फवारणी करणारी माणसं पंप पाठीला लावून गल्लीत आली. अण्णा छत्री उघडून जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले. "माझ्यावर फवारा, वर नको," असं कन्नडमध्ये शांतपणे सांगत राहिले. माणसं हसली, मग चिडली, मग खरंच छत्रीवर थोडं फवारून निघून गेली. मी दाराआडून बघत होतो. त्यांचा छत्रीचा हात कापत होता, हे मी तेव्हा पाहिलं, पण त्याचा अर्थ लावला नाही. भित्र्या माणसाला दुसऱ्याची भीती दिसत नाही, तो आपल्यातच असतो.

पुढे आम्हाला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं आणि तीन महिन्यांनी बायको परत आली ती सागवानी पाळणा घेऊनच. सासूबाईंनी हौसेनं करून घेतलेला. पाळणा टांगायला कडी हवी. दोन्ही खोल्यांत मिळून कडी एकच होती, पुढच्या खोलीतल्या मधल्या तुळईला. मी स्टुलावर चढलो, साखळी कडीत अडकवली, आणि सहज मान वर केली.

तुळईच्या खालच्या अंगाला एक भेग होती. कडीपासून वीतभर लांब, केसाहून थोडी जाड. चुना नवा होता आणि भेगेनं चुनाही फाटला होता, म्हणजे भेग जुनी नव्हती. आणि या तुळईच्या बरोबर वर काय आहे, ते मला ठाऊक होतं.

मी खाली उतरलो तेव्हा बायकोनं मुलीला पाळण्यात ठेवलं होतं आणि ती झोका देत होती.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात मी साहेबांची नजर चुकवून टाकीचं गणित केलं. पाणीच दीड हजार पौंड. वाळू, गोटे, लोखंड, काच धरून टनाच्या आसपास. म्हणजे चौदा-पंधरा धडधाकट माणसं एका जागी दाटीवाटीनं उभी, आणि ती कधीच तिथून हलणार नाहीत. तुळईचं लाकूड कुठलं, किती वर्षांचं, आतून वाळवी लागली का, यातलं मला काही माहीत नव्हतं. पंखाचं गणित करताना माझी पेन्सिल कधी मोडली नव्हती. त्या दिवशी पेन्सिल दोनदा मोडली.

वर जाऊन सांगायचं, इतकं सोपं होतं. ते मला जमेना. मासे हलवा म्हणालो तर अण्णा म्हणतील, घर खाली करा. तीन महिन्यांचं मूल घेऊन कुठे जायचं? बायकोला सांगितलं तर तिचं दूध आटेल, असं मी स्वतःला समजावत होतो. खरं कारण इतकंच की मला अण्णांच्या त्या नजरेची भीती वाटत होती. मुलीवर छत कोसळेल या भीतीएवढीच ती होती, हे आज लिहून ठेवतो.

मी कारखान्याच्या प्रयोगशाळेतून सूक्ष्मदर्शकाची एक पातळ काच मागून आणली. बायको देवळात गेली असताना ती भेगेवर आडवी ठेवून प्लॅस्टरनं चिकटवली. भेग हलली की काच मोडते. जुन्या इमारतींना असंच करतात. मग रोज घरी आलो की आधी काच बघायची. मुलीला मी पाळण्यातून उचलून स्वयंपाकघरात सतरंजीवर निजवत असे. बायको विचारी, "अहो, तिथं काय वाईट आहे?" मी म्हणे, इथं ऊब आहे.

त्यात एका आवाजाकडे माझं लक्ष जाऊ लागलं. संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला वरून टक् असा आवाज यायचा. थोडं थांबून पुन्हा टक्. लाकूड तडकताना असाच आवाज येतो, तो मी कारखान्यात शंभर वेळा ऐकला होता. आवाज आला की मी मुलीला उचलून अंगणात जात असे आणि शेजारी म्हणत, बापाला लेकीचं भारी वेड आहे.

पाचव्या की सहाव्या दिवशी बायको म्हणाली, "घरात शिरलात की आधी छताकडे बघता आणि मग मुलीकडे. काय आहे ते सांगा."

मी सांगितलं. कागद दाखवला, काच दाखवली. ती रागावली नाही, रडलीही नाही. मुलीला कडेवर घेतलं आणि सरळ जिना चढू लागली. मी अनवाणी तिच्या मागे.

"अण्णा," ती म्हणाली, "ही तुमच्या माशांच्या बरोबर खाली झोपते. तुळईला भेग पडलीय. हे म्हणतात, आवाजही येतो."

अण्णा ट्यूबेला पंप मारत होते. ते थांबले. "कसला आवाज?"

"टक् असा," मी म्हणालो. "साडेपाचला."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग डब्यातून मूठभर गोगलगाई काढून पाण्यात सोडल्या. बोट वर केलं. "स्वल्प ऐका."

मासे गोट्यांतून बाहेर आले. एकानं गोगलगाय तोंडात धरली आणि आवाज आला, टक्. मग दुसऱ्याचा, टक्.

"खाताना बोलतात," अण्णा म्हणाले. "बारा वर्षं ऐकतोय. इंजिनेर, हे लाकूड न्हवं."

माझे कान तापले. पाच दिवस मी माशांच्या जेवणाला घाबरून मुलीला घेऊन अंगणात पळत होतो. पण भेग तर होतीच. आयुष्यात क्वचित केलेला धीर मी तेव्हा केला. म्हणालो, "आवाज माशांचा असेल अण्णा. भेग मात्र खरी आहे."

"जावा खाली," ते म्हणाले.

दोन दिवस काहीच झालं नाही. घर खाली करा म्हणून निरोप येईल याची आम्ही वाट बघत होतो. बायकोनं तर एक ट्रंक भरायलाही घेतली. रविवारी सकाळी मासे मोजून झाले आणि जिन्यावर पावलं वाजली. अण्णा कधीच भाडेकरूंच्या घरात येत नसत. त्या दिवशी आले, पाळण्याजवळ उभे राहिले आणि मान वर करून बराच वेळ बघत राहिले.

"ही काच कशाला?"

मी सांगितलं. त्यांनी गणिताचा कागद मागितला. सगळा जन्म आकड्यांत काढलेल्या त्या माणसानं खिडकीपाशी जाऊन एकेक गुणाकार तपासला. "गोटे कमी धरलासा," ते म्हणाले. "मी स्वतः वाहून आणलेत. दुप्पट धरा." मग कागदाची घडी घालत विचारलं, "पडेल?"

"सांगता येत नाही."

"विमानाचं सांगता येतं, आणि माझ्या घराचं नाही?"

"विमानाचाही आधी एक पंख मोडून बघतो आम्ही," मी म्हणालो. "मोडल्यावर सांगतो."

पाळणा रिकामा होता, त्याच्या काठावर त्यांनी हात ठेवला आणि तो हलू लागला तसा दचकून काढून घेतला.

"आम्ही दुसरं घर बघतो अण्णा," मी म्हणालो.

"आणि तुमच्या जागी कोण येईल? त्याला लेकरू नसेल?" ते दाराकडे वळले. "टाकी दारातून निघायची नाही. मासे निघतील. सरी."

सरी म्हणजे ठीक. त्याच दिवशी त्यांनी निम्मं पाणी काढून टाकलं. भार कमी झाला, पण इतके मोठे सात मासे निम्म्या पाण्यात किती दिवस काढणार? ते पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडू लागले. अण्णा चार तासांऐवजी दोन तासांनी पंप मारू लागले. मी खाली काच बघत होतो, ते वर मासे बघत होते. त्या आठवड्यात त्या घरात कुणी नीट जेवलं नाही.

मासे द्यायचे आहेत हे कळल्यावर ते बघायला माणसं येऊ लागली. अण्णा प्रत्येकाच्या चपला आधी बघत. कॉलेजातले एक प्राध्यापक आले. त्यांनी मासे किती जगतात ते विचारलं नाही, पोटात काय असतं ते विचारलं, आणि त्यांच्या पिशवीत औषधाच्या वासाची बरणी होती. अण्णांनी त्यांना जिन्यावरूनच परत पाठवलं. एका हॉटेलवाल्याला ते गल्ल्याशेजारी रंगीत दिव्यांत ठेवायचे होते. कुणीतरी म्हणालं, उलसूरच्या तलावात सोडा. अण्णा म्हणाले, "तुमाला रात्रीत तिकडं नेऊन सोडलं तर चालंल काय?" आणि दार लावून घेतलं.

शेवटी येलहंक्याहून एक शाळामास्तरीण आल्या. पन्नाशीच्या, कन्नड बोलणाऱ्या, बिनआवाजाच्या रबरी चपला घातलेल्या. त्यांच्या घरी न्हाणीघराच्या भिंतीला लागून सिमेंटचा मोठा हौद होता. भिंतीपलीकडे रोज सकाळी चूल पेटे, त्यामुळे पाणी उबदार राही. त्या आल्या तेव्हा एक मासा कुशीवर पडलेला होता. बाई पदर सावरून जमिनीवर बसल्या आणि मासा उठेपर्यंत बसून राहिल्या. अर्ध्या तासानं तो उठला. अण्णा म्हणाले, "सरी."

येलहंक्याकडून दूध आणणारी एक लॉरी सकाळी दूध वाटून रिकामी परत जाई. तिच्यातून मासे न्यायचं ठरलं. त्या सकाळी बायकोनं आमचं लग्नातलं तांब्याचं घंगाळ चिंचेनं घासून लखलखीत करून वर नेलं. अण्णांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "तांबं नको अक्का. यांची कातडी नाजूक. तांब्याच्या पाण्यात जीव जाईल." इतका वेळ धीटपणे वावरणारी माझी बायको पहिल्यांदा घाबरली. तिनं घंगाळ उपडं घालून भिंतीकडे सरकवलं.

मासे ॲल्युमिनियमच्या दुधाच्या कॅनमधून गेले. जाळं चालत नव्हतं. या माशांच्या डोळ्याखाली एक काटा असतो, तो जाळ्यात अडकतो. अण्णांनी मातीच्या मडक्यात काकडीचे तुकडे टाकून एकेकाला आत घेतलं. पाचव्यानं काटा उघडून त्यांचा तळवा चिरला. पाणी लाल झालं. त्यांनी मडकं सोडलं नाही.

लॉरीत मागे अण्णा आणि मी, मध्ये तीन कॅन. रस्त्याला खड्डे. प्रत्येक खड्ड्याला अण्णा डोळे मिटून घेत. मग झाकणाला कान लावत, आणि आतून टक् ऐकू आलं की पुढच्या कॅनकडे सरकत. तिसरा कॅन गप्प होता.

"साहेबानं दोन आठवड्यांसाठी ठेवायला दिले होते," ते एकाएकी म्हणाले. छावणीतला कुणी गोरा साहेब सत्तेचाळीस साली विलायतेला गेला, त्याचे हे मासे. तेव्हा ते करंगळीएवढे होते. "परत आलाच नाही. पत्र नाही. मला भ्या वाटायचं, तो आला आणि एक कमी निघाला तर? नंतर ते भ्या गेलं. दुसरं आलं. मी वर मेलो आणि दोन दिवस कुणाला कळलं नाही, तर ट्यूबेत हवा कोण भरणार? म्हनून मोजत होतो. सात झाले की वाटायचं, आज हाय सगळे. मी पन हाय."

मी त्यांच्या तळव्याला माझा रुमाल बांधला. इतके दिवस ज्यांना मी घाबरत होतो, ते माझ्यासमोर बसून कापत होते आणि मला त्यांचा हात धरायचाही धीर होत नव्हता.

हौदात सहा मासे सरळ उतरले. सातवा, त्या गप्प कॅनमधला, पाण्यात कलंडला आणि तळाशी जाऊन कुशीवर पडला. कल्ला हलत नव्हता. निदान मला दिसत नव्हता. "मेला" हा शब्द माझ्या जिभेवर आला आणि मी दात दाबून धरला. भिंतीपलीकडे चुलीतली लाकडं तडतडत होती. उन्हाचा कवडसा हौदाच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर गेला. कधीतरी त्या माशानं मिशा हलवल्या, अंग सरळ केलं आणि इतरांच्या मागे कौलाच्या तुकड्याखाली शिरला.

"एळु," अण्णा म्हणाले, आणि तिथंच पायरीवर बसून प्यायला पाणी मागितलं.

परत आल्यावर दुपारी आम्ही टाकी रिकामी केली. नळीनं पाणी काढलं, गोटे पोत्यात भरून अंगणात नेले. ते खरंच मी धरले होते त्याच्या दुप्पट होते. मी मनातून खट्टू झालो होतो. काच तर अजून शाबूत होती. आवाज माशांचा निघाला, भेग कदाचित चुन्याचीच असेल, आणि माझ्या एका कागदापायी या माणसाची बारा वर्षांची सोबत गेली. मी खाली येऊन स्टुलावर बसलो. तेवढ्यात वरून टक् झालं.

मासे तर नव्हते. मी मान वर केली. काच मधोमध मोडली होती.

भार गेला तशी तुळई सरळ होऊ पाहत होती. इतके दिवस ती वाकलेलीच होती. मी काच लावली तीच वाकलेल्या तुळईवर. भेग खरी होती, आणि तो पाळणा, ते झोके, सगळं तशा वाकलेल्या तुळईला टांगलेलं होतं.

मी काचेचे तुकडे घेऊन वर गेलो. अण्णा रिकाम्या टाकीसमोर स्टुलावर बसले होते. मी समजावून सांगितलं. त्यांनी तुकडे हातात घेतले, आणि त्यांचा चेहरा इतका पांढरा पडला की मीच घाबरलो.

"म्हंजे मी रोज मासे मोजत होतो," ते म्हणाले, "आणि खाली ती होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला छत गप्प होतं. आम्ही कप हातात धरून बसलो होतो, जुन्या सवयीनं. मग जिन्यावर पावलं वाजली. अण्णा आमच्या खिडकीबाहेर आले. त्यांनी माझ्याकडे बोट केलं, "ओंदु." बायकोकडे, "एरडु." मग वाकून सतरंजीकडे बघत राहिले. मुलीनं पाय झाडले. "मूरु," ते म्हणाले आणि परत वर गेले.

नवी तुळई बसवली तरी मोजणी थांबली नाही. बायको मुलीला अंघोळीला घेऊन गेली असली तर अण्णा खिडकीशी थांबून राहत, "मूरु" झाल्याशिवाय जात नसत. मला त्याचा त्रास व्हायचा, कधी हसू यायचं, आणि कधी एखाद्या सकाळी त्यांना उशीर झाला की मी जिन्याखाली जाऊन उभा राहायचो. रविवारी ते येलहंक्याला जाऊन हौदाजवळ बसत. एरवी वर ते एकटे, आणि त्यांना मोजायला कुणी नाही, हे मला ठाऊक होतं. मी वर जाऊन बघत असे का? खोटं बोलत नाही. फारसं नाही.

तीन-चार वर्षांनी माझी बदली झाली. टांग्यात सामान चढलं. अण्णा दाराशी उभे होते, मफलर गुंडाळलेला, तळव्यावर तो जुना व्रण. सवयीनं बोट वर गेलं. मी, बायको, मुलगी. "ओंदु, एरडु, मूरु."

टांगेवाल्यानं लगाम ओढला. मुलगी माझ्या मांडीवर उभी राहिली, बोट त्यांच्याकडे केलं आणि रोज ऐकलेल्या सुरात म्हणाली, "नाल्कु."